तोतया कापूस

१

"हा माझा कापूस नव्हेच! माझं पिल्लू पळवलं आणि हे भलतंच ध्यान माझ्या गळ्यात मारलंय!"

सुईताईंचा आवाज मुळातच खणखणीत, त्यात दोन्ही घरांची दारं सताड उघडी. समोर टीसीकाका आरशापुढे दाढी करत उभे होते. त्यांचा हात गालावरच थांबला.

"ऐकलंस का गं?" त्यांनी आत विचारलं.

"बहिऱ्यालासुद्धा ऐकू गेलं असेल," काकू म्हणाल्या. "आधी तोंडावरचा फेस पुसा, मग जा. नाहीतर तसेच निघाल."

काका तसेच निघालेही होते. उंबऱ्यावरून परत फिरले, तोंड पुसलं आणि गेले. उभा जन्म त्यांनी आगगाडीत तिकिटं तपासण्यात घालवला होता. नोकरी संपली, पण संशय काही निवृत्त झाला नाही. कुणाची किल्ली हरवो, कुणाची कुंडी फुटो, काका चौकशीला हजर. लोक बोलवायचे म्हणून जायचे असं ते सांगत. काकूंचं म्हणणं वेगळं होतं.

समोरचं घर म्हणजे एक लांबलचक खोली. एका टोकाच्या खिडकीशी सुईताईंचं पायाचं शिलाई मशीन, दुसऱ्या टोकाला दोराताईंची भरतकामाची चौकट. एक कपडे शिवायची, दुसरी त्यांवर फुलं भरायची. दोघी तरुणपणापासून एकत्र, त्यामुळे सगळे त्यांना सुई आणि दोराच म्हणत. खरी नावं बहुधा त्यांच्याही लक्षात राहिली नसावीत. भांडणं रोजची, पण चहा उकळेपर्यंत मिटायची.

आजचं भांडण मात्र मिटणारं दिसत नव्हतं. खोलीच्या मधोमध सुतार टेप लावून जमीन मोजत होता.

"हे काय चाललंय?" काकांनी विचारलं.

"भिंत," सुईताई म्हणाल्या. "फळ्यांची का होईना, पण उद्या सकाळी उभी राहणार. ती तिच्या घरात, मी माझ्या घरात. चोराच्या शेजारी बसून मला टाका घालता येणार नाही."

दोराताई पलीकडे आपल्या खाटेवर बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर एक छोटासा कुत्रा बसला होता आणि सुईताईंकडे बघून जिवाच्या आकांतानं भुंकत होता. एवढ्याशा जिवात एवढा आवाज कुठे मावतो, देव जाणे.

हकीगत अशी होती. सुईताईंनी हौसेनं पॉमेरेनियनचं पिल्लू आणलं होतं, तळहातावर मावणारं. नाव कापूस. त्याला घरी येऊन महिना होतो न होतो तोच ताई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, लेकीनं आपल्या गावी नेलं, आणि कापूस दोराताईंपाशी राहिला. काही महिने तिकडे राहून ताई काल काठी टेकत परतल्या, आणि दारातच हा त्यांच्यावर धावून आला.

"आता तुम्हीच बघा, भाऊ." सुईताईंनी मोबाइल पुढे केला. फोटोत राखी-पांढऱ्या केसांचा गरगरीत गोळा होता. मधे दोन डोळे, नाकाभोवती काजळ फासल्यासारखा काळा रंग. "आणि हे बघा."

काकांनी मांडीवरच्या प्राण्याकडे पाहिलं. काटकुळे पाय, लांबट तोंड, अंगावर तांबूस-नारिंगी विरळ केस. नाकाजवळ काळ्याचा मागमूस नाही. कापूस म्हणायला तर जीभच वळेना; फार तर उपाशी कोल्ह्याचं पोर.

"माझ्या कापसाचा खालचा एक दात वाकडा होता, याचे सगळे सरळ," सुईताई बोटं मोडत म्हणाल्या. "माझा कापूस माझ्या पायाशी लोळायचा, हा मला फाडून खायला बघतो. आणि खिडकीखाली माझी चिंध्यांची टोपली होती, त्यात तो बसायचा. तीसुद्धा गायब! मशीनला कुलूप घालून किल्ली बरोबर नेली होती म्हणून ते तेवढं वाचलं."

असं म्हणत त्यांनी झाकण उघडलं आणि मशीनच्या चाकाला रागानं एक झटका दिला. खट्‌ खट्‌ खट्‌ असा आवाज झाला. भुंकणारा कुत्रा एकदम गप्प झाला. दोराताईंनी त्याला खाली ठेवलं, तसा तो तुरुतुरु खिडकीपाशी गेला आणि मोकळ्या कोपऱ्याकडे बघत उभा राहिला. तेवढ्यात ताईंची काठी धाडकन पडली, आणि स्वारी खाटेखाली पसार झाली.

घाबरलं बिचारं, असं काकांना वाटलं. तिथेच त्यांची चूक झाली.

२

सुईताईंना काकूंकडे चहाला पाठवून काका दोराताईंसमोर बसले.

"ताई, खरं काय ते सांगा. कुत्रा बदलला?"

"काहीतरीच काय, भाऊ! हा कापूसच आहे." दोराताईंनी डोळे पुसले. "आता तुम्ही म्हणता तेव्हा मलाही दिसतं, किती बदललाय. पण रोज डोळ्यांसमोर असला की कुठे कळतं? आपलीच पोरं कधी वाढली ते आपल्याला कळलं का?"

खाटेजवळ चार छोट्या वाट्या मांडल्या होत्या, बाजूला मधाची बाटली. खुंटीवर पट्टा होता, पण गळ्यात घालायचा नाही, छातीवरून बांधायचा. या जातीची श्वासनलिका नाजूक, गळ्याला हिसका बसता कामा नये, म्हणून तसला आणल्याचं त्यांनी सांगितलं. फणी करण्याआधी केसांवर पाण्याचा फवारा मारायचा, कोरडे केस विंचरले की तुटतात, हेही सांगितलं. पिल्लू चोरणारी बाई एवढी उस्तवार कशाला करेल, असं काकांच्या मनात आलं.

"टोपलीचं काय झालं?"

"माळ्यावर टाकली. सुई गेल्यावर तो तिच्यात जाऊन बसायचा आणि रडायचा हो. बघवेना मला."

"आणि या काळात तो घराबाहेर कधी गेला होता? कुणाच्या हातात पडला होता?"

"नाही," दोराताई चटकन म्हणाल्या. "घराबाहेर पाऊलसुद्धा नाही टाकलं त्यानं."

आणि हातातल्या भरतकामाची सुई त्यांच्या बोटात घुसली. टचकन रक्त आलं.

चालत्या गाडीतसुद्धा सुईत दोरा ओवतील अशा या बाई, त्यांना सुई टोचली? बिनतिकिटाचा प्रवासी खिसे चाचपायला लागला की काकांच्या मनात जी घंटा वाजायची, ती आत्ता वाजली.

३

रस्त्याच्या वळणावर कुत्र्यांचं पार्लर होतं. माणसांना केस कापायला सवड नसते, पण कुत्र्यांची वेळ आधी ठरवावी लागते. पार्लरवाली एका ओल्या पूडलला टॉवेलनं पुसत होती.

"दोराताईंचा पॉम? येतो की!" ती म्हणाली. "अंघोळीला येतो, नखं कापायला येतो. उन्हाळा आहे, केस बारीक कापून टाक, असं त्या मला एकदा म्हणाल्या होत्या. मीच नको म्हटलं. पॉमचे केस मुळापासून काढले तर परत धड येतीलच याचा नेम नाही. आणि त्या केसांनीच त्याला ऊनही लागत नाही."

"म्हणजे बाहेर येतो?"

"म्हणजे काय! अन् काका, एकदा तर..." तिनं आवाज खाली आणला. "पहिल्या पहिल्या दिवसांतली गोष्ट. ताई रस्त्यानं धावत आल्या, पायात चप्पल नाही. ओढणीत पिल्लू, ओल्या फडक्यासारखं लोळागोळा. थेट शेजारच्या प्राण्यांच्या डॉक्टरकडे घुसल्या. मला वाटलं, गेलं ते."

"मग?"

"मग काय, माझ्यापुढे साबण लावलेला कुत्रा होता. पुढचं मी पाहिलं नाही."

काका परत निघाले ते पाय ओढतच. सगळं जुळत होतं, आणि जुळत होतं तेच त्यांना नको होतं. मैत्रिणीचं पिल्लू आपल्या हातात गेलं, आणि ती तर तिकडे अंथरुणाला खिळलेली. तिला कसं सांगायचं? म्हणून दोराताईंनी गुपचूप दुसरं आणलं असेल. अशा चोरीला कुणी चोरी म्हणावं? पण सुईताई म्हणणार, आणि उद्या भिंत उभी राहणार.

घरात शिरतात तर काकू दारातच उभ्या. चेहरा पांढराफटक.

"अहो, मी दोराताईंकडे चाळण आणायला गेले होते."

"चाळण तर आपल्याकडेच आहे."

"असू दे! तुम्ही प्रश्न विचारत बसता, मी चाळण आणायला जाते. ज्याची त्याची पद्धत." काकूंनी श्वास घेतला. "त्यांच्या खाटेखाली कापडाची पिशवी आहे. मी आत हात घातला. अहो, केस आहेत त्यात. राखी-पांढरे, मऊ मऊ. पिशवी गच्च भरलीय!"

४

संध्याकाळी लांबलचक खोलीत सगळे जमले. काकांनी पिशवी मधोमध ठेवली. सुईताईंनी आत हात घातला, आणि इतका वेळ आवरलेलं रडू त्यांना फुटलं.

"माझा कापूस! अगं, काय केलंस गं त्याचं?"

दोराताई उठल्या. "मी खोटं बोलले," त्या म्हणाल्या. "तो बाहेर गेला होता. तू गेलीस त्याच आठवड्यात."

"मेला ना?"

"मरायला टेकला होता. मला काय माहीत, एवढ्याशा कुत्र्याला मोठ्या कुत्र्यासारखं दोनदा वाढून चालत नाही? सकाळी जेवला, दिवसभर बागडला, आणि संध्याकाळी थरथरत आडवा झाला. डॉक्टरांनी हिरड्यांना साखरेचं पाणी चोळलं तेव्हा कुठे डोळे उघडले. अंगातली साखरच उतरली होती. तेव्हापासून चार वाट्या, आणि मध हाताशी. तुला सांगितलं असतं तर तू टाके तोडून धावत आली असतीस. तुला मी ओळखत नाही का?"

"आणि हे केस?"

"पुढे त्याचं बाळपणीचं जावळ झडायला लागलं. फणीवर पुंजकेच्या पुंजके यायचे. तू त्याला कापूस म्हणायचीस, मला ते फेकवेना." दोराताईंनी चौकटीमागून एक वस्तू काढली. गोल, मखमली, वर बारीक टाक्यांनी भरलेला पांढरा कुत्रा. "तुझ्या टाचण्यांसाठी उशी करत होते. आत त्याचेच केस भरलेत. खालची शिवण राहिली म्हणून लपवून ठेवली."

काकूंनी पदरात तोंड खुपसलं. सुतारसुद्धा नाक ओढायला लागला. सुईताईंचा हात उशीकडे गेला आणि मागे आला.

काकांनी मग आपला हुकमाचा पत्ता टाकला. पार्लरशेजारच्या डॉक्टरीणबाईंना त्यांनी बोलावून ठेवलं होतं. बाईंनी कुत्र्याचं तोंड उघडून पाहिलं, गुडघे चाचपले, आणि हसायलाच लागल्या.

"अहो, या वयात पॉमचं असंच होतं. पिल्लाचे केस झडतात, मोठेपणीचे अजून आलेले नसतात. चार-सहा महिने नुसतं बुजगावणं दिसतं. रंग बदलतो, नाकाजवळचा काळपटपणा पुष्कळदा जातो. वाकडा होता तो दुधाचा दात, पडला. आणखी वर्षभरानं याची आयाळ बघा. फक्त या खाटेवरून उड्या मारू देऊ नका, याच्या गुडघ्याच्या वाट्या जात्याच सैल असतात."

झालं, मिटलं, असं म्हणून काकांनी हात झटकले. पण सुईताई कपडे बेतणाऱ्या. कापड कुठे कमी पडतं ते त्यांना आधी दिसायचं.

"डॉक्टर, म्हणजे या वयाचा कुठलाही पॉम असाच दिसेल?"

"साधारण असाच."

"आणि मी पडायच्या आधीचा कापूस तुम्ही पाहिलाय?"

"नाही. मी पहिल्यांदा पाहिला तो यांच्या ओढणीत, आणि त्यानंतर आजच."

"मग हा कापूस असू शकतो एवढंच कळलं. हा कापूसच आहे, हे कुठे कळलं?" त्या काकांकडे वळल्या. "भाऊ, मला भांडायची हौस नाही हो. तिनं मला वाईट वाटू नये म्हणून एक खोटं सांगितलं, मग दुसरं का नाही सांगणार? या उशीत माझा मेलेला कापूस असेल, तर जन्मभर मी त्यात टाचण्या टोचायच्या का?"

कुत्रा दोघींच्या मधे, सुतारानं खडूनं मारलेल्या रेघेवर बसून पाय चाटत होता.

"फळ्या कापून ठेवल्यात," सुतार हळूच म्हणाला. "सकाळी येऊ ना?"

"या," सुईताई म्हणाल्या.

५

सकाळी काका पुन्हा आरशापुढे. एक गाल झालेला, दुसऱ्यावर फेस.

"अगं, पासावरचा फोटो जुळला नाही तर मी काय करायचो, माहितेय?"

"दंड करायचा."

"छे! फोटोतला माणूस तरुण, समोरचा टकला. फोटो बघून काय कळणार? मी पास परत द्यायचो आणि बघत उभा राहायचो. रोजचा प्रवासी असला की न बघता आपल्या ठरलेल्या जागेकडे जातो. तोतया जागा शोधतो." काकांचा हात हवेतच थांबला. "खट्‌ खट्‌ खट्‌! अगं, तो घाबरला नव्हता!"

या वेळी ते फेसासकटच गेले, आणि काकूंनी अडवलंही नाही. त्याही मागोमाग धावल्या.

सुतार पहिली फळी उभी करत होता. "थांबा!" काका ओरडले. "सुईताई, पिल्लू लहान असताना मशीन चालवायच्या आधी तुम्ही काय करायचात?"

"काय करायचं? त्याला उचलून टोपलीत ठेवायची. शेपूट चाकात जाईल अशी भीती. पुढे पुढे मशीनचा आवाज झाला की आपणच जायचा. टोपलीचा काठ त्याच्या गळ्याइतका, चढताना अशी तारांबळ व्हायची..." त्या बोलता बोलता थांबल्या.

"तुम्ही गेल्यापासून मशीन कुणी चालवलं?"

"कोण चालवणार? किल्ली माझ्या गळ्यात."

"आणि आल्यापासून?"

"मनच लागलं नाही. थोडं थोडं चालवा म्हणालेत डॉक्टर, पण..."

"मग आता चालवा. काठी बाहेर द्या, तिची टकटक त्याला सहन होत नाही. तो तुमच्यावर नाही, तिच्यावर भुंकतो. आणि सगळ्यांनी ऐका." काका फेसाळ हनुवटी वर करून उभे राहिले. "हा परका असेल, तर मशीनच्या आवाजानं पळेल, नाहीतर वास घ्यायला मशीनपाशी येईल. हा कापूस असेल, तर तो अशा जागी जाईल जिथे काहीच नाही. आणि ते त्याला शिकवायला दोराताईंकडे मशीनच नव्हतं."

सुईताई स्टुलावर बसल्या. सुईखाली एक चिंधी सरकवली. पाय पट्टीवर ठेवले, आणि डोळे मिटून घेतले. बघायची हिंमत त्यांना नव्हती.

खट्‌, खट्‌, खट्‌खट्‌खट्‌...

खाटेखालून तांबूस नाक बाहेर आलं. कान टवकारले. मग कुत्रा निघाला. दोराताईंच्या पायांवरून, सुताराच्या रेघेवरून, मशीनकडे न बघता सरळ खिडकीखालच्या मोकळ्या कोपऱ्यात. तिथे तो थांबला. पुढचा एक पाय त्यानं उंच, पार गळ्यापर्यंत उचलला आणि पलीकडे ठेवला. मग दुसरा. मग मागचे दोन, तसेच, धडपडत. नसलेल्या टोपलीचा नसलेला काठ ओलांडून तो आत शिरला, स्वतःभोवती गोल गोल फिरला, आणि उघड्या फरशीवर मुटकुळं करून बसला.

काकू ओरडल्या, "अहो ताई, डोळे उघडा!"

सुईताईंनी डोळे उघडले. मशीन थांबलं. पूर्वी मशीन थांबलं की त्या जी हाक मारायच्या, तीच त्यांच्या तोंडून आपोआप निघाली. "कापशा!"

आणि तो काठ पुन्हा ओलांडून, हो, बाहेर येतानाही पाय उंच उचलून, त्यांच्या पायांवर येऊन लोळला. ताईंना वाकता येत नव्हतं. दोराताईंनीच त्याला उचलून त्यांच्या मांडीवर दिला. मग एका मांडीवर कुत्रा, भोवती दोन बायका, आणि रडणं-हसणं सगळं एकदमच सुरू झालं.

"मी तुला चोर म्हटलं गं."

"म्हटलंस. आणि भिंत घालायला निघाली होतीस, तीही निम्मी माझ्या पैशानं. सुतारानं सांगितलं मला."

"मग रागाव की!"

"रागावते, पण आधी चहा टाकते."

माळ्यावरून टोपली खाली आली. कापूस तिच्यात बसला खरा, पण दोन पाय आणि शेपूट बाहेर. उशीची राहिलेली शिवण सुईताईंनी स्वतः घातली, आणि पहिली टाचणी तिच्यात टोचताना "लागलं का रे?" असं त्या कुत्र्यालाच विचारत होत्या. काकूंनी काकांना टॉवेल दिला आणि "शाबास" असं, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, मोठ्यानं म्हणाल्या. लगेच जोडलंही, "चाळण मी आणायला गेले होते, हे विसरू नका."

सुतार मात्र फळी धरून तसाच उभा होता.

"सगळं खरं," तो म्हणाला, "पण या कापलेल्या फळ्यांचं मी करू काय?"

काकांना डॉक्टरीणबाईंचं बोलणं आठवलं. खाटेवरून उड्या नकोत. दुपारपर्यंत सुतारानं त्या भिंतीच्या बुटक्या पायऱ्या केल्या, कडा घासून गुळगुळीत केल्या, वर चिंध्यांची गादी ठोकली. कापसानं वास घेतला, चढून पाहिलं, उतरून पाहिलं, आणि त्यालाही त्या पसंत पडल्या.

"एकाच खाटेपुरत्या झाल्यात बरं का," सुतारानं विचारलं. "कुणाच्या खाटेला लावू?"

"हिच्या," दोघी एकदमच म्हणाल्या.